नातू, नेपोटिझम आणि खाडीपलीकडची वसई

‘नेपोटिझम’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडे इतका रुळला आहे की कॉलेजच्या कट्ट्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळे तो सर्रास वापरतात. २०१७ साली एका टीव्ही कार्यक्रमात कंगना राणावतने करण जोहरला समोरासमोर हा शब्द ऐकवला, आणि तो सिनेमावाल्यांच्या घरातून निघून आपल्या सगळ्यांच्या घरात शिरला. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगकामाचं कंत्राट सेक्रेटरीच्या साडूला मिळालं की मागच्या खुर्चीवरून कोणीतरी पुटपुटतं, "नेपोटिझम!" वशिलेबाजी हा चांगला दणकट शब्द घरात असताना.

तर मंडळी, आज या शब्दाबद्दल. शब्दाची सालं काढत बसायची माझी जुनी खोड तुम्हाला माहीत आहेच. पण या वेळी कारण नुसती खोड नाही. हे पान वाचणाऱ्यांत आमचे बरेच नातेवाईक आहेत, आणि गेल्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या एकदोघांशी याच विषयावर माझं बोलणं झालं आहे. बोलणं कसलं, धुसफूसच म्हणा :) त्याबद्दल पुढे येतोच. आधी शब्द.

इंग्रजीत हा शब्द आला तो मुळात इटालियनमधून. इटालियनमध्ये ‘निपोते’ म्हणजे पुतण्या, निपोते म्हणजे भाचा, आणि निपोते म्हणजे नातूही. तिघांना मिळून एकच शब्द. (आमच्या आजीसमोर कोणी एवढ्या ढोबळपणे नाती सांगितली असती तर पाठीत धपाटाच बसला असता.) या निपोतेची आई म्हणजे लॅटिनमधला ‘नेपोस’. त्याचा मूळ अर्थ नातू, पुतण्या-भाचे नंतर आले. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये नेपोसचा आणखी एक अर्थ होता, उधळ्या! आजोबांनी मिळवायचं आणि नातवाने उडवायचं, हे त्या रोमन लोकांच्याही पाहण्यात असावं.

आता नेपोसचा आपल्याकडचा भाऊ कोण? संस्कृतमधला ‘नप्तृ’, म्हणजे नातू. त्याचंच जुनं रूप ‘नपात्’. ऋग्वेदात ‘अपां नपात्’ नावाची देवता आहे, पाण्याचा नातू किंवा वंशज. नप्तृचं प्राकृतात ‘णत्तु’ झालं आणि त्याचा झाला आपला मराठी ‘नातू’. म्हणजे नेपोटिझममधला ‘नेपो’ आणि आपल्या मांडीवर खेळणारा नातू हे एकाच आजोबांचे वंशज आहेत. शब्दशः भाषांतर करायचं तर नेपोटिझम म्हणजे ‘नातूशाही’.

(नातू आणि नातं हे शब्द मात्र दिसायला सारखे असले तरी एकमेकांचे नातेवाईक नाहीत. नातं हे ‘ज्ञाति’च्या कुळातलं. शब्दांच्या दुनियेत आडनावबंधू असतात ते असे.)

आपल्या जुन्या वैयाकरणांनी नपात् या शब्दाची फोड ‘न’ आणि ‘पात’ अशी केली होती. जो पडू देत नाही, म्हणजे घराण्याला पडू देत नाही, तो. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही फोड मानत नाहीत. पण ती करणाऱ्याच्या मनात काय होतं ते छान कळतं. नातू म्हणजे आपल्यानंतर उभं राहणारं माणूस. त्याच्यासाठी जीव तुटणारच. त्यात वाईट काय?

मग असा गोड शब्द शिवीसारखा कधीपासून झाला? त्यासाठी रोमला जावं लागेल.

पोप हा ब्रह्मचारी. त्याला अधिकृत मुलंबाळं नाहीत. अनधिकृत असली तर ती पुष्कळदा पुतणे-भाचे म्हणूनच ओळखली जायची. गादी आयुष्यभराची, पण वारशाने कोणाला देता येत नाही. आजूबाजूला कारस्थानं. अशा वेळी विश्वासाचा माणूस म्हणून पोप आपल्या पुतण्याला किंवा भाच्याला कार्डिनल करायचे. होता होता त्याची प्रथाच पडली. ‘कार्डिनल-पुतण्या’ हे जवळजवळ पदच झालं. पुढे १६६७ साली ग्रेगोरिओ लेती नावाच्या इटालियन लेखकाने रोमच्या या पुतणेशाहीवर एक झणझणीत पुस्तक लिहिलं. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि नेपोटिझम हा शब्द इंग्रजीत पसरला. शेवटी १६९२ मध्ये बाराव्या इनोसंट पोपने फर्मान काढून नातेवाइकांना जमिनी, पदं आणि उत्पन्नं वाटण्याला बंदी घातली. लायक असला तर एखादाच नातेवाईक कार्डिनल होऊ शकेल, एवढी फट ठेवून.

या सगळ्यात माझ्या मनात घर करून राहिली ती १५३४ सालची गोष्ट, कारण तिचं एक टोक आमच्या दारात येतं.

१५३४ च्या ऑक्टोबरात तिसरा पॉल पोप झाला. (तो स्वतः तरुणपणी कार्डिनल झाला तो बहिणीच्या वशिल्याने, अशी रोममध्ये कुजबुज होती.) नोव्हेंबरात त्याने गोव्याचा बिशपप्रांत निर्माण केला. आणि १८ डिसेंबरला त्याने दोन नवे कार्डिनल नेमले. एक होता १४ वर्षांचा, दुसरा १६ वर्षांचा. दोघेही त्याचे सख्खे नातू! एक मुलाचा मुलगा, एक मुलीचा मुलगा. म्हणजे पुतण्या-भाचा असा आडपडदा नाही, शब्दाच्या मूळ अर्थाबरहुकूम अस्सल नातूशाही. पुढे तिशियन या चित्रकाराने म्हातारा पोप आणि त्याचे दोन नातू असं एक चित्रही काढलं, ते आज नेपल्समध्ये आहे. त्यातला वाकलेला म्हातारा आणि पुढे झुकलेला तरुण नातू पाहिले की कोणालाही आपापल्या घरातलं काहीतरी आठवेल.

आणि या नेमणुकीनंतर पाचच दिवसांनी, २३ डिसेंबर १५३४ ला, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही, नुसता योगायोग. पण आमच्या जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी फेरी मारायला गेलं की समोर पसरलेली असते ती वसईचीच खाडी. (चौपाटी म्हणायची आपली पद्धत. वाळू शोधू नका.) डाव्या हाताला रेल्वेचे पूल. पुलावरून गाडी गेली की नायगाव, मग वसई रोड. किल्ला तिथून पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी. त्या बाजूला पाहताना मला हल्ली नेहमी वाटतं, नातेवाइकांना पुढे करण्याच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला रोमला कशाला जायचं? सगळं इथेच, खाडीपलीकडे घडलेलं आहे.

पोर्तुगीज वसईत दोनशे वर्षं राहिले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मोहीम सुरू केली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. आमच्या भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या बाजूचा धारावी किल्लाही त्याच मोहिमेतला. या मोहिमेचा सेनापती कोण, तर चिमाजीअप्पा. पेशवे पहिले बाजीराव यांचे धाकटे भाऊ! आणि बाजीरावांना स्वतःला पेशवेपद मिळालं ते १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वडील बाळाजी विश्वनाथ वारल्यावर. शाहू महाराजांच्या दरबारातल्या जाणत्यांना ते पसंत नव्हतं. आजचा एखादा वार्ताहर तिथे असता तर त्याने मथळा दिला असता: ‘पेशव्याच्या मुलाला पेशवाई, पेशव्याच्या भावाला सेनापतिपद’.

आणि तरीही वसई जिंकली ती याच भावाने. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी, माणसं ढिगाने पडत होती, आणि अप्पा तिथे ठाण मांडून होते. मोहिमेनंतर दीड वर्षात, बाजीरावांच्या मागोमाग, तेही गेले. जेमतेम तिशी ओलांडलेली.

आता ६३ वर्षं पुढे या. ३१ डिसेंबर १८०२. जागा तीच, वसई. यशवंतराव होळकरांनी हडपसरला धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव पुण्यातून पळून वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला आला आणि त्याने तह केला. सहा हजारांची इंग्रजी फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय परक्याशी बोलणं करायचं नाही. पेशवाई पुढे १८१८ पर्यंत चालली, पण तिच्यातला प्राण वसईतच गेला.

हा दुसरा बाजीराव कोण? पहिल्या बाजीरावांच्या मुलाचा, रघुनाथरावाचा मुलगा. म्हणजे पहिल्या बाजीरावांचा नातू. नेपोस! भावाने जिथे मिळवलं, नातवाने तिथेच सही करून दिलं. लॅटिनमधला तो ‘उधळ्या’ अर्थ आठवला ना?

दोघांनाही जागा मिळाली ती नात्यानेच. एकाने तिचं सोनं केलं, एकाने माती. रोममध्येही हेच. चौथ्या पॉलने ज्याला कार्डिनल केलं त्या पुतण्याला, कार्लो काराफाला, पुढे १५६१ मध्ये गुन्ह्यांबद्दल मृत्युदंड झाला. त्याच सुमारास चौथ्या पायसने ज्याला एकविसाव्या वर्षी कार्डिनल केलं तो भाचा, चार्ल्स बोरोमिओ, इतका कर्तबगार निघाला की चर्चने १६१० मध्ये त्याला संत घोषित केलं.

म्हणून ‘नातेवाईक म्हणजे नालायक’ हे काही खरं नाही. इथवर आमचे घरचे लोक माझ्याशी सहमत असतील. "अरे मग हेच तर आम्ही म्हणतोय!" असा एक आवाज मला आत्ताच ऐकू येतोय :)

पण थांबा. आपल्या भाषेत या गोष्टीला काय म्हणतात ते जरा बघू.

हिंदीत ‘भाई-भतीजावाद’ असा चपखल शब्द आहे. मराठीत नेमका नात्याचा म्हणून एकच शब्द रूढ नाही. ‘घराणेशाही’ आहे, पण तो मुख्यतः राजकारणाचा. ‘वशिलेबाजी’ आहे, पण वशिला नात्याचाच असतो असं नाही, तो ओळखीचा असतो, गावाचा असतो, जातीचा असतो. वशिला मूळचा अरबी, ‘वसीला’. अर्थ साधन, जवळ पोचण्याचा मार्ग. धर्माच्या भाषेत तर परमेश्वराच्या जवळ जाण्याचं साधन. फारच पवित्र शब्द. आपल्याकडे येऊन त्याचं तट्टू झालं :) वशिल्याचं तट्टू म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. घोड्यांच्या पागेत कोणाच्या तरी शब्दावर उभं असलेलं, चारा तेवढाच खाणारं तट्टू.

आणि ‘भाऊबंदकी’? शब्द पाहिला तर भावाभावांचा गोतावळा. अर्थ मात्र आपण काय केला, तर भावाभावांचं भांडण! खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच नावाचं नाटक लिहिलं, ते नारायणरावाच्या खुनावर. १७७३ चा तो खून. पुतण्या आणि काका. मराठीने नात्यातल्या भांडणाला खास शब्द ठेवला, नात्यातल्या लाडाला ठेवला नाही. बहुधा लाड हा आपल्याला दोष वाटतच नव्हता, तो रोजचाच होता.

वाटणार तरी कसा? वंशपरंपरा हा इथला कायदाच होता. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा कुलकर्णी. शिवाजी महाराजांनी वतन-जहागिरीऐवजी रोख पगारावर भर दिला, पण त्यांच्यानंतर ते टिकलं नाही. कुलकर्णी वतनं कायद्याने गेली १९५० मध्ये, मुलकी पाटलांची १९६२ मध्ये. म्हणजे ‘बापाची खुर्ची पोराला’ ही आपल्याकडे आत्ताआत्तापर्यंत लबाडी नव्हती, हक्क होता. कायद्याने ती रद्द झाली. मनातून जायला आणखी काही पिढ्या लागणार.

आता घरची गोष्ट सांगतो. आमचे आजोबा कोकणातून मुंबईला आले ते गावातल्या एका माणसाच्या शब्दावर. तो गिरणीत होता, त्याने जॉबरला सांगितलं, आणि आजोबा बदली कामगार म्हणून लागले. त्या काळी गिरणीच्या फाटकावर सकाळी बदलीवाले उभे राहायचे आणि जॉबर बोट दाखवील तो आत. बोट अर्थातच आपल्या गावच्या, आपल्या भावकीच्या माणसाकडे. या प्रकाराला आळा घालायला गिरणीमालकांनी १९३५ पासून बदलीवाल्यांना कार्डं द्यायला सुरुवात केली, पण सवय अशी लगेच जात नाही. आजोबांनी मग त्यांच्या धाकट्या भावाला आणलं, भावाने मेव्हण्याला. परळच्या एका खोलीत सगळे. ती साखळी नसती तर आम्ही कोणीच आज इथे नसतो. मावशीने परवा मला हेच सुनावलं. "तुझ्या आजोबांना कोणी शब्द टाकला नसता तर तू आज भात लावत असतास." अगदी खरं. मावशीचं म्हणणं मी हसण्यावारी नेलेलं नाही. त्यावर मी बरेच दिवस विचार करतोय.

विचाराअंती मला फरक दिसतो तो असा. आजोबांसाठी शब्द टाकणारा तो गावकरी त्यांच्याबरोबर एकाच खात्यात राबत होता. आजोबांनी कामात दांडी मारली असती तर जॉबरने धरलं असतं त्या गावकऱ्याला. त्याचा शब्द म्हणजे जामीन होता. मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा. मावळ, खेड, जुन्नर, मुळशी या भागांतली मंडळी, एकमेकांचे सगेसोयरे, गाववाले. बाहेरचा माणूस त्यांच्यात क्वचित. तरी त्यांच्याविरुद्ध कोणी नेपोटिझमची बोंब मारत नाही. का? कारण धंदा त्यांचा स्वतःचा आहे. पुतण्याने डबा चुकवला तर गिऱ्हाईक तुटतं ते काकाचंच.

म्हणून मी स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवले आहेत. एक, जे द्यायचं आहे ते कोणाचं आहे? दोन, बिघडलं तर भरणार कोण?

आजोबांनी आपल्या पेन्शनीतून नातवाला सायकल घेतली तर ती माया. आपल्या दुकानात मुलाला बसवलं तर तेही ठीक, दुकान बुडालं तर त्यांचं बुडेल. पण लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा असलेला माणूस आपल्या भाच्याच्या पानात चार जिलब्या जास्त टाकतो तेव्हा? जिलब्या त्याच्या नाहीत, यजमानाच्या आहेत. आणि शेवटच्या पंगतीत बसलेल्या कोणातरी अनोळखी माणसाच्या पानात त्या चार कमी पडणार आहेत. वाढपी ओळखीचा असला की कुठेही बसा, असं आपण गमतीने म्हणतो. ती गंमत कायम पहिल्या पंगतीतले लोक करतात.

पोपचं काय चुकलं? नातवांवर जीव होता हे नाही. चर्च त्याचं नव्हतं. दुसऱ्या बाजीरावाच्या गादीचं काय चुकलं? बिघडलं तेव्हा भरलं ते रयतेने. त्याला स्वतःला तर पुढे ब्रह्मावर्तात आठ लाखांचं वर्षासन मिळालं. चिमाजीअप्पा दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीला उतरतात, कारण ते स्वतः खंदकापाशी उभे होते. पण पद्धत म्हणून पाहिलं तर हे नशीबच म्हणायचं. ज्या दाराने चिमाजी आत आले त्याच दाराने दुसरा बाजीरावही आला, आणि दारावर विचारणारं कोणी नव्हतं.

शहाणपणाचे नियम असतात ते या दारावर उभं राहण्यासाठी. आपल्याकडे नोकरीत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या घरच्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. हीसुद्धा नात्याला दिलेली सवलतच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलं की हा वारसाहक्क नाही, अचानक कोसळलेल्या कुटुंबाला सावरण्यापुरता आधार आहे. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची लाड-पागे समितीची शिफारस महाराष्ट्रात लागू आहे. तिथे तर वाटतं, झाडू पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहतो याला लाड म्हणायचं की शिक्षा? कधी तरी इतर खुर्च्यांच्या वारशासाठी भांडणाऱ्यांनी या वारशाचाही हेवा करून दाखवावा. दुसऱ्या टोकाला न्यायालयं आहेत. ज्या उच्च न्यायालयात वकिलाचा बाप किंवा काका न्यायाधीश आहे तिथल्या अडचणीची ‘अंकल जज’ या नावाने विधी आयोगानेच २००९ च्या आपल्या २३० व्या अहवालात दखल घेतली होती.

राजकारणाबद्दल मी मुद्दाम फार लिहीत नाही, नाहीतर पुढच्या गणपतीत घरात दोन तट पडतील. एवढंच म्हणतो की महाराष्ट्रात पुतण्यांची गोष्ट उलटी आहे. रोममध्ये पोपला मुलगा नसायचा म्हणून पुतण्याचं फावायचं. इथे काकांना मुलं असतात, म्हणून पुतण्या वेगळी चूल मांडतो. २००६ ला राज ठाकऱ्यांनी मांडली, २०२३ ला अजित पवारांनी. नातूशाहीचा शेवट भाऊबंदकीत होतो, हे आपली भाषा आपल्याला आधीपासून सांगत होती.

आता त्या धुसफुशीबद्दल. आमच्या ऑफिसात काही जागा भरायच्या होत्या. मुलाखती घेणाऱ्यांत मीही होतो. घरातला एक मुलगा, नात्याने माझा भाचा, त्याने अर्ज केला. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे. मी ऑफिसात सांगून त्या मुलाखतींतून बाहेर पडलो. घरी काहींना वाटलं की मी त्याला मदत करायची टाळली. "परक्यासारखा वागलास" हे शब्द होते. ते लागले, नाही असं नाही. कारण आमच्या घरात परका हा शब्द सहज वापरत नाहीत.

त्यावर माझं म्हणणं असं, आणि ते सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो. ती खुर्ची माझी नाही. ऑफिसने मला वाढपी म्हणून उभं केलं आहे. त्याच जागेसाठी पालघरहून, कल्याणहून पोरं आली होती, पहाटेची गाडी पकडून, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून दारात उभं राहून. त्यांचे मामा तिथे नव्हते. माझ्या एका शब्दाने त्यांच्यातला एक जण घरी गेला असता आणि त्याला कधी कळलंही नसतं की का. ज्याला वशिला असतो त्याच्यासाठी मराठीत तट्टूपासून शब्द आहेत. ज्याची जागा वशिल्याने जाते त्याच्यासाठी मला एकही शब्द सापडला नाही. त्याला आपण पाहिलेलंच नसतं, नाव कुठून देणार?

शिवाय भाच्याचाही विचार करा. तो स्वतःच्या बळावर लागला असता तरी मी आत बसलेलो असताना आयुष्यभर कोणीतरी म्हणालं असतं, मामा होता. त्याचं कर्तृत्व मीच खाल्लं असतं.

पण जे माझं आहे त्यातलं मागा ना. माझा वेळ माझा आहे. माझी पुस्तकं, माझा अनुभव, माझे रविवार माझे आहेत. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, पगाराचं बोलणं कसं करायचं, कुठल्या कंपनीच्या वाटेला जाऊ नये, हे सगळं सांगायला मी बसेन, घसा बसेपर्यंत. एखाद्याचं काम मी स्वतः पाहिलं असेल तर दुसऱ्या कोणाकडे त्याच्याबद्दल खरं तेच लिहून देईन, खाली माझं नाव घालून आणि ‘हा माझा नातेवाईक आहे’ हेही घालून. म्हणजे आजोबांच्या त्या गावकऱ्यासारखा जामीन राहीन. वसीला या शब्दाचा मूळ अर्थ साधन असाच आहे. तेवढं साधन व्हायला माझी कधीच ना नाही.

आणि हो, शेजारच्या बिऱ्हाडातल्या ज्या मुलांना असा मामा नाही, त्यांनाही रविवारी घेऊन या. चहा आमच्याकडून. साधारण दहा वाजता बसू.